पाळी जाताना: गरम वाफा, हार्मोनच्या गोळ्या आणि दहा हजारांतल्या आठ जणी

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. सांगलीत ताईच्या घरी आम्ही पंधरा-वीस जणी बसलो होतो. जानेवारीतली संध्याकाळ, पंखा बंद, दोघी-तिघींच्या अंगावर शाली. ताई वाण लुटत होती आणि मध्येच थांबली. छातीपासून मानेपर्यंत तिचा रंग लालसर होत गेला, वरच्या ओठावर घामाचे थेंब जमले आणि मिनिटभरात कपाळावरचं कुंकू ओघळून नाकावर आलं. कुणी पाणी आणायला धावलं, कुणी बीपी म्हणालं. शेजारच्या काकूंनी मात्र तिच्या हातातलं तबक काढून घेतलं आणि हळूच विचारलं, "पाळी जायला लागली का गं? माझंही असंच व्हायचं. चार वर्षं काढायची, मग होतं ठीक."

ताई तेव्हा ४८ वर्षांची होती. एका डॉक्टरांकडे ती आधीच जाऊन आली होती. "या वयात असंच असतं" एवढं ऐकून आणि कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन परतली होती. दुसऱ्या डॉक्टरांनी हार्मोनच्या गोळ्यांचा विषय काढला, तर घरातल्या सगळ्यांचं एकच म्हणणं: नको, कॅन्सर होतो. "काढायची" आणि "कॅन्सर होतो" या दोन वाक्यांमध्ये आपल्याकडच्या कितीतरी बायका अडकून पडतात. मी डॉक्टर नाही. पण ताईसाठी म्हणून वाचायला बसले, तिच्याबरोबर दवाखान्यात गेले, डॉक्टरांना प्रश्न विचारले. त्यातून जे समजलं ते इथे मांडते आहे.

पाळी एका दिवसात जात नाही. बीजकोशांमधला बीजांचा साठा संपत येतो, तसं इस्ट्रोजेन हे स्त्रीचं हार्मोन कमी होतं. पण ते पायऱ्या उतरल्यासारखं सरळ खाली येत नाही. काही महिने भरपूर, काही महिने जवळजवळ नाहीच, पुन्हा अचानक जास्त, असं चालतं. त्रास बहुतेक वेळा या चढउताराच्या काळात सुरू होतो, म्हणजे पाळी येत असतानाच. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं म्हणतात. शेवटची पाळी शेवटची होती हे कळायला असं वर्ष जावं लागतं. भारतात हे सरासरी ४६-४७ च्या सुमारास होतं, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या. चाळिशीच्या आत पाळी गेली तर ते अकाली समजतात. तिथे तपासण्या आणि उपचार दोन्ही लागतात, "लवकर सुटलीस" म्हणून सोडून द्यायची ती गोष्ट नाही.

पंचेचाळिशीनंतर निदानासाठी एफएसएच या बीजकोशांना चालना देणाऱ्या हार्मोनची तपासणी सहसा लागत नाही. हार्मोन इतकं वरखाली होत असताना एका दिवसाच्या रक्तावरून काय कळणार? त्यापेक्षा थायरॉइड तपासून घेणं जास्त कामाचं, कारण घाम, धडधड, थकवा, वजन ही थायरॉइडचीही लक्षणं असतात. अंगावर जास्त जात असेल तर हिमोग्लोबिन पाहायचं. आणि अजून पाळी येत असेल, कितीही उशिराने का होईना, तर दिवस राहू शकतात. पन्नाशीच्या आत शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर एक वर्ष काळजी घ्यावी, असा साधारण नियम आहे.

ताईने एक साधी गोष्ट केली. भिंतीवरच्या कालनिर्णयावर पाळीच्या तारखेला गोल करायची तिची सवय जुनीच. त्याच चौकोनात ती आता वाफ आली, म्हणजे हळदीकुंकवाला झालं तसं अचानक अंग तापून घाम फुटला, की 'वा' लिहायला लागली, रात्री घामाने जाग आली की 'झो', उगाच कुणावर तरी ओरडली की 'चि'. दोन महिन्यांनी पान उलटून पाहिलं तर 'वा' होते दिवसाला तीन-चार, पण 'झो' जवळजवळ प्रत्येक रात्री होता. आणि 'चि' कायम 'झो'च्या दुसऱ्या दिवशी. घरात सगळे तिला चिडकी झाली म्हणत होते, खरं तर ती दोन महिने नीट झोपलीच नव्हती. उपचार ठरवताना याचा फार उपयोग झाला, कारण "मला फार त्रास होतो" यावर डॉक्टर काय देणार? "रात्री तीनदा गाऊन बदलावा लागतो" म्हटलं की देता येतं.

वाफ नेमकी कशी येते हे कळल्यावर तिची निम्मी भीती गेली. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग आहे. शरीराचं तापमान ठराविक पट्ट्यात ठेवणं हे त्याच्या अनेक कामांपैकी एक. एरवी तापमान थोडं इकडेतिकडे झालं तरी तो चालवून घेतो. तिथल्या काही चेतापेशींवर इस्ट्रोजेनचा लगाम असतो. इस्ट्रोजेन घटलं की या पेशी मोठ्या होतात आणि न्यूरोकायनिन नावाचं रसायन वापरून तापमानाच्या केंद्राला सारखे खोटे निरोप पाठवत राहतात. तो पट्टा अरुंद होतो. मग गरम चहाचा एक घोट किंवा तव्यासमोरची पाच मिनिटंही पुरतात. मेंदूला वाटतं अंग तापलं, तो कातडीखालच्या रक्तवाहिन्या उघडतो आणि घाम सोडतो. दोन-चार मिनिटांत खरोखर अंग गार पडतं आणि शेवटी हुडहुडी भरते. म्हणजे बाईच्या मनाचे हे खेळ नाहीत, वातही नाही. आणि "चार वर्षं काढायची" हा हिशोबही खरा नाही. अमेरिकेत हजारो स्त्रियांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवणाऱ्या एका मोठ्या अभ्यासात वाफांचा त्रास वारंवार असलेल्या स्त्रियांना तो साधारण सात वर्षांहून थोडा जास्त काळ झाला. निम्म्या जणींना त्याहून कमी, निम्म्या जणींना त्याहून अधिक.

आता कॅन्सरचा मुद्दा. त्याचं मूळ जुलै २००२ मधल्या एका बातमीत आहे. अमेरिकेत 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' नावाची प्रचंड चाचणी चालू होती. गर्भपिशवी असलेल्या १६,६०८ स्त्रियांपैकी काहींना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या स्त्री-हार्मोनसारखं काम करणारं औषध) एकत्र असलेली गोळी दिली, बाकीच्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. सरासरी पाच वर्षांनी चाचणीचा हा भाग मध्येच थांबवला, कारण गोळी घेणाऱ्यांमध्ये स्तनाचा कॅन्सर जास्त दिसला आणि एकंदरीत फायद्यापेक्षा धोका जड वाटला. "कॅन्सर २६ टक्क्यांनी वाढतो" असं जगभर छापून आलं आणि लाखो बायकांनी गोळ्या टाकून दिल्या.

२६ टक्के ऐकलं की वाटतं, शंभरातल्या सव्वीस जणींना होणार. तसं नाही. खोटी गोळी घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांमध्ये वर्षाला ३० जणींना स्तनाचा कॅन्सर झाला, खरी गोळी घेणाऱ्या दहा हजारांत ३८ जणींना. तीसवर आठ वाढले, त्या आठांचे झाले सव्वीस टक्के. फुप्फुसात रक्ताची गुठळी जाण्याचं प्रमाण दहा हजारी ८ वरून १६ झालं, पक्षाघाताचं २१ वरून २९, हृदयविकाराचं ३० वरून ३७. खुब्याचं हाड मोडणं मात्र १५ वरून १० वर आलं आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर १६ वरून १०. हे सगळे आकडे एकाच अभ्यासातले. बातमीत पहिलाच राहिला.

आणखी एक गोष्ट बातमीत मागे पडली. या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं. म्हणजे पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेल्या, रक्तवाहिन्या आधीच थोड्या कडक झालेल्या बायका. वाफांनी हैराण होऊन आपल्याकडे दवाखान्यात येते ती ४६-५० वर्षांची असते. पुढे वयाप्रमाणे आकडे वेगळे काढले तेव्हा दिसलं की साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरुवात केली तर हृदयाचा हिशोब बराच बरा येतो. ज्यांची पिशवी आधीच काढलेली होती त्यांना त्याच प्रकल्पात नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं. त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर वाढला नाही. पुढच्या वर्षांत तर तो खोट्या गोळीवाल्यांपेक्षा कमीच आढळला.

इथे थांबले तर मीही एकच बाजू सांगितल्यासारखं होईल. २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अनेक अभ्यास एकत्र करून केलेला हिशोब आला. पन्नाशीला सुरू करून पाच वर्षं दोन्ही हार्मोन रोज घेतली, तर पुढच्या वीस वर्षांत साधारण दर पन्नास स्त्रियांमागे एक जास्तीचा स्तनाचा कॅन्सर, असा त्याचा अंदाज. नुसत्या इस्ट्रोजेनला दोनशेमागे एक. हे आकडे पाश्चात्त्य स्त्रियांचे आहेत. त्यांच्यात हा कॅन्सर मुळातच आपल्यापेक्षा जास्त आहे. तरी धोका शून्य नाही, आणि वर्षं वाढतात तसा तो वाढतो. माझं मत विचाराल तर असं: रात्री झोप नाही, दिवसा काम होत नाही अशी ४८ वर्षांची निरोगी बाई हे आकडे समोर ठेवून "मी घेते" म्हणाली तर ती बरोबर आहे. थोड्याफार वाफा येणारी बाई "मला नको" म्हणाली तर तीही बरोबर आहे. आकडे न दाखवता कुणी परस्पर ठरवून टाकतं, ते मात्र चूक आहे.

घ्यायचं ठरलं तर पहिला प्रश्न पिशवीचा. पिशवी असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन हवंच, कारण नुसत्या इस्ट्रोजेनने पिशवीचं आतलं अस्तर वाढत जातं आणि तिथे कॅन्सर होऊ शकतो. पिशवी काढलेली असेल तर सहसा इस्ट्रोजेन एकटं पुरतं. दुसरा प्रश्न, पोटात घ्यायचं की कातडीतून. गोळी यकृतातून जाते आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढवते. हातावर चोळायचं जेल किंवा चिकटवायची पट्टी तो रस्ता टाळते, त्यामुळे गुठळीचा धोका वाढताना दिसत नाही. वजन जास्त असेल, बीपी असेल, अर्धशिशी असेल तर जेलचं आवर्जून विचारा. २००२ च्या चाचणीतलं इस्ट्रोजेन गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेलं होतं आणि त्याच्याबरोबरचं प्रोजेस्टिन कृत्रिम. आता शरीरातल्यासारखंच इस्ट्राडायॉल आणि कॅप्सूलमधलं प्रोजेस्टेरॉन मिळतं. त्याचा स्तनावरचा धोका कमी असावा असं निरीक्षणांवरून वाटतं, पण २००२ सारखी मोठी चाचणी त्यावर झालेली नाही.

स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेला, पायात किंवा फुप्फुसात गुठळी होऊन गेलेली, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात झालेला, यकृताचा चालू आजार, किंवा कारण न कळलेला रक्तस्राव, यांपैकी काही असेल तर हार्मोन सहसा देत नाहीत. म्हणून सुरू करण्याआधी सगळा इतिहास सांगायचा, आईला-मावशीला काय झालं होतं तेही. ताईची बीपी, साखर, सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी झाल्यावरच डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली.

पिशवीचा विषय निघाला म्हणून जरा बाजूला जाते. पाळी जायच्या आधीची काही वर्षं अनेकींना भयंकर अंगावर जातं. तेव्हा फार सहज सांगितलं जातं, "काढून टाका, कटकट नको." आपल्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या बाबतीत तर हे तिशीच्या आत-बाहेर घडलं. एक दिवस खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, पाळीत कोयता चालवायचा कसा, म्हणून ऑपरेशन. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर महिलांच्या पाहणीचे आकडे आले. त्यात १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. पिशवीबरोबर बीजकोशही काढले की पाळी हळूहळू जात नाही, इस्ट्रोजेन एका दिवसात तुटतं. वाफा तीव्र येतात, हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. ज्यांचे दोन्ही बीजकोश पंचेचाळिशीच्या आत काढले आहेत त्यांनी, काही आडकाठी नसेल तर, निदान नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत हार्मोन घ्यावीत असा सल्ला असतो. हे त्या बायकांना कुणी सांगितलं असेल का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. अंगावर जाण्यावर पिशवी न काढताही उपाय आहेत. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, आणि आत बसवायची हार्मोनची तांबीसारखी वस्तू आहे, जी वर्षानुवर्षं काम करते. ऑपरेशन लागतंही कधी. पण बीजकोश ठेवणार की काढणार, हा प्रश्न टेबलावर जायच्या आधी विचारायचा.

हार्मोन चालत नसतील किंवा नको असतील तरी हात रिकामे नाहीत. नैराश्यावरची काही औषधं कमी मात्रेत वाफा कमी करतात. पॅरोक्सेटिनला अमेरिकेत २०१३ मध्ये खास याचसाठी मान्यता मिळाली. व्हेनलाफॅक्सिनही वापरतात. चिठ्ठीवर हे नाव पाहून "मला वेडी समजले" असं वाटून घेऊ नका. स्तनाच्या कॅन्सरनंतर तो परत येऊ नये म्हणून टॅमॉक्सिफेन हे औषध चालू असेल तर मात्र पॅरोक्सेटिन टाळतात, कारण ते टॅमॉक्सिफेनचा असर कमी करतं. रात्रीच्या घामासाठी गॅबापेन्टिन कामाला येतं, झोपही लागते. न्यूरोकायनिनचा जो निरोप वर सांगितला, तोच अडवणारं फेझोलिनेटंट हे नवं औषध अमेरिकेत मे २०२३ मध्ये मंजूर झालं. त्यात हार्मोन नाही, पण यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. विचारांची आणि झोपेची सवय बदलणारं समुपदेशनही वाफांचा जाच कमी करतं.

शतावरी, अशोकारिष्ट, सोयाबीन याबद्दल ताईला दहा जणींनी सांगितलं. यावर झालेले अभ्यास लहान आहेत आणि निकाल एकसारखे नाहीत. इथे एक गंमतशीर वाटेल असा, पण महत्त्वाचा आकडा आहे: हार्मोनच्या चाचण्यांमध्ये खऱ्या औषधाने वाफा खूपच कमी झाल्या, पण खोट्या गोळीनेही त्या आधीच्या निम्म्यापेक्षा खाली आल्या. त्रास आपोआप वरखाली होत असतो, आणि काहीतरी घेतोय या दिलाशानेही तो कमी वाटतो. त्यामुळे "मला लागू पडलं" हे मैत्रिणीचं म्हणणं खरं असूनही पुरावा ठरत नाही. घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका, आणि भस्मं घातलेली औषधं मनाने सुरू करू नका.

सुती कपडे, उशाशी पाणी, रात्री हलकं जेवण, थोडं वजन उतरवणं, याने थोडा फरक पडतो. व्यायाम वाफांसाठी फारसा उपयोगी नाही, हाडांसाठी आणि झोपेसाठी मात्र नक्की. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडं सर्वांत वेगाने झिजतात. रजोनिवृत्त स्त्रीला रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं असं आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, सांगते. शंभर ग्रॅम नाचणीतून साडेतीनशेच्या आसपास मिळतं, वर दूध-दही, तिळाची चटणी. उरलं तेवढंच गोळीतून. ड जीवनसत्त्व तपासून घ्या.

एका त्रासाबद्दल बायका एकमेकींतही बोलत नाहीत. योनीमार्ग कोरडा पडतो, आग होते, संबंध नकोसे होतात, लघवीला सारखं जावं लागतं, लघवीचा जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होतो. वाफा कधीतरी थांबतात, हा त्रास मात्र उपचाराशिवाय वाढत जातो. इस्ट्रोजेन घटल्याने तिथली त्वचा पातळ होते. जागेवर लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम मिळतं. पहिले दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा, अशी साधारण पद्धत असते. ते रक्तात इतकं कमी उतरतं की वर सांगितलेले आकडे त्याला लागू होत नाहीत. साठी-सत्तरीतही सुरू करता येतं. फक्त कॅन्सर होऊन गेलेला असेल तर आधी आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारायचं.

ताईने जेल आणि रात्रीची कॅप्सूल घेतली. कॅप्सूलने गुंगी येते म्हणून ती झोपतानाच घ्यायची. तिसऱ्या आठवड्यात कालनिर्णयावरचे 'झो' विरळ झाले. किती वर्षं घ्यायचं हे ठरलेलं नाही. दरवर्षी बसून पुन्हा हिशोब करायचा, मॅमोग्राफीची तारीख त्याच कालनिर्णयावर आहे. सुरुवातीच्या काही महिन्यांत थोडं डागाळलं तर घाबरू नका, पण सहा महिन्यांनंतरही होत राहिलं तर तपासणी.

आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर, काही औषध चालू नसताना, एक डाग जरी दिसला तरी दवाखाना गाठायचा. बहुतेकींमध्ये कारण साधं निघतं. पण साधारण दहातल्या एकीमध्ये पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर असतो, आणि लवकर कळला तर तो बरा होण्यासारखा असतो. हे मी ताईला सांगत होते तेव्हा शेजारच्या काकू तिथेच शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांचं वय ६७. शेंगा बाजूला ठेवून म्हणाल्या, "मला दिवाळीपासून दोनदा दिसलंय. या वयात कुणाला सांगायचं?"

दुसऱ्याच दिवशी आम्ही त्यांना घेऊन गेलो. सोनोग्राफीत अस्तराची जाडी ३ मिलिमीटर निघाली. चारपर्यंत असेल तर कॅन्सरची शक्यता फारच कमी, असं डॉक्टरांनी समजावलं, पुन्हा दिसलं तर लगेच यायला सांगितलं. त्वचा कोरडी आणि पातळ झाल्यामुळे रक्त दिसत होतं. तेच क्रीम दिलं. काकूंनी त्यासाठी सोमवार आणि गुरुवार धरलाय. ट्यूब कपाटात साड्यांच्या घडीखाली असते, पण एकही वार चुकत नाही.